अल्पमोली टॅब आणि शेतकरी कुटुंब : करमणूक व शिक्षण यांसाठी त्याचा योग्य उपयोग

घरात नवे जनावर आणावयाचे झाले की शेतकरी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो आणि ते पोसावयास वर्षाला किती वैरण लागेल याचा मनाशी हिशेब करतो. अवजार घेतानाही असेच होते. त्याचे काम किती, त्याची दुरुस्ती कोठे होईल आणि पैसे कोणत्या हंगामात फिटतील, हे पाहिल्यावाचून व्यवहार होत नाही. कमी किमतीचा टॅब आज खेड्यापाड्यांत पोचला आहे. पण या वस्तूच्या बाबतीत ही पारख बहुधा होत नाही. मुलाने हट्ट धरला किंवा शेजारच्या घरी आला एवढ्या कारणावरून तो घेतला जातो. पुढे थोड्याच दिवसांत त्याची साठवण भरून जाते, काच तडकते किंवा तो खेळ खेळण्यापुरता उरतो. घरातील आठ-दहा हजार रुपये अशा रीतीने गेले, तर कोरडवाहू कुटुंबाच्या दृष्टीने तो एका हंगामाच्या बियाण्या-खताचा पैसा होय.

हाच टॅब नीट निवडला, त्यात योग्य साहित्य भरले आणि त्याच्या वापराला वेळेचे बंधन घातले, तर तो घरातल्या सर्वांच्या उपयोगी पडतो. मुलांना तो पाठ्यपुस्तक दाखवतो, वडीलधाऱ्यांना कीर्तन ऐकवतो आणि शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज व पिकाचा सल्ला देतो. हे कसे साधावे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. वस्तूची ओळख

टॅब म्हणजे पाटीच्या आकाराचा, स्पर्शाने चालणारा छोटा संगणक. त्याचा पडदा साधारणपणे ८ ते १० इंचांचा असतो. मोबाइलच्या सहा-साडेसहा इंची पडद्यावर पाठ्यपुस्तकाचे पान वाचताना अक्षरे पुन्हा पुन्हा मोठी करावी लागतात, तर टॅबवर ते पान बऱ्याच अंशी छापल्यासारखे दिसते. शिवाय चार-पाच माणसे ओसरीवर बसून एकच चित्रफीत पाहू शकतात. टॅबचा मोबाइलहून वेगळा असा उपयोग एवढाच आहे. केवळ ऐकावयाचे असेल, फोन करावयाचा असेल किंवा हवामानाची चार ओळींची सूचना वाचावयाची असेल, तर घरातला मोबाइल पुरेसा होतो. त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

२. पूर्वीच्या अनुभवाचा धडा

नवे साधन आले की त्याच्याकडून फार मोठ्या अपेक्षा केल्या जातात. यास्तव पूर्वीचे तीन अनुभव ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पहिला अनुभव महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणी व युनेस्को यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये, रेडिओ श्रवणमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा असे एकूण वीस कार्यक्रम पुण्याहून प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावातील मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर त्यावर चर्चा करीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. जेथे नुसता रेडिओ होता, त्या गावांपेक्षा जेथे रेडिओबरोबर चर्चाही होती, त्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळच अधिक वाढलेले आढळले. रेडिओ दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो एकत्र बसून बोलल्यामुळे.

दुसरा अनुभव ‘आकाश’ टॅबचा. विद्यार्थ्यांना अत्यंत स्वस्तात मिळावा म्हणून हा टॅब ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत प्रसिद्ध करण्यात आला. त्याचा पडदा ७ इंचांचा होता, रॅम अवघी २५६ एमबी होती आणि पडदा बोटाने दाबावा लागे. तो सावकाश चालतो व त्याची बॅटरी लवकर उतरते अशा तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षी आलेल्या सुधारलेल्या नमुन्यात रॅम दुप्पट करावी लागली. किंमत कमी करता करता वस्तू कामाचीच राहत नाही अशी एक मर्यादा असते, हे या अनुभवावरून दिसून येते.

तिसरा अनुभव दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा आहे. तेथे ग्रामीण शाळांतील मुलांना छोटे संगणक मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आले. ३१९ प्राथमिक शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले संगणक वापरावयास शिकली, पण गणित व भाषा या विषयांतील त्यांच्या गुणांत काही वाढ आढळली नाही.

तिन्ही अनुभवांचा अर्थ एकच निघतो. साधन घरात आल्याने शिक्षण होत नाही. साधनाभोवती माणूस बसला, त्याने विचारले, लिहिले आणि करून पाहिले, तरच ते होते.

३. घ्यावा किंवा न घ्यावा

समजा, एका टॅबला ९,००० रुपये पडले आणि तो तीन वर्षे चालला. वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५० रुपये झाले. त्यात इंटरनेटचा खर्च, कव्हर, काच आणि एखादी दुरुस्ती धरावी लागेल. हा खर्च ज्या कुटुंबाला वरच्या मिळकतीतून, म्हणजे दूध, भाजीपाला किंवा पगारी माणसाच्या उत्पन्नातून झेपेल, त्याने टॅब घेण्यास हरकत नाही. पीक कर्जातून तो मुळीच घेऊ नये. हप्त्याने घ्यावयाचा असल्यास सर्व हप्त्यांची बेरीज रोख किमतीशी ताडून पाहावी.

ज्या घरात पाचवी ते दहावीच्या वर्गातील मुले आहेत, तेथे टॅबचा उपयोग सर्वांत अधिक होतो. मुले लहान असतील किंवा शिक्षण संपलेले असेल, तर घाई करू नये.

एकट्याला झेपत नसेल तर सामाईक खरेदीचा मार्ग आहे. दहा जणींच्या बचत गटाने प्रत्येकी ९०० रुपये घालून एक टॅब घेतला आणि तो एका घरी न ठेवता पाळीपाळीने वापरला, तर खर्चाचा बोजा वाटला जातो. वर पाहिल्याप्रमाणे चर्चेचा लाभही आपोआप मिळतो. पाळी, जबाबदारी आणि दुरुस्तीची वर्गणी यांची नोंद गटाच्या वहीत पहिल्याच दिवशी करून ठेवावी. हे न केल्यास वस्तूपेक्षा भांडणच मोठे होते.

४. निवड करताना

(अ) रॅम ४ जीबीपेक्षा कमी नसावी. साठवण ६४ जीबी असावी आणि वेगळे मेमरी कार्ड घालण्याची जागा असावी.

(आ) गावात वाय-फाय नसेल तर सिम कार्ड घालता येणारा टॅब घ्यावा, किंवा मोबाइलवरून हॉटस्पॉट देण्याची तयारी ठेवावी. नुसत्या वाय-फायचा टॅब स्वस्त पडतो. साहित्य आधी भरून ठेवण्याची सवय असलेल्या घराला तो चालतो.

(इ) ई-पीक पाहणीसारख्या कामासाठी जीपीएस व बरा कॅमेरा लागतो. अनेक स्वस्त टॅबमध्ये ही सोय नसते. त्या कामासाठी मोबाइलच वापरावा.

(ई) वस्तूवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळणाऱ्या बेनामी टॅबवर साठवणीचा आकडा खोटा छापलेला असण्याचा संभव असतो.

(उ) दुकानातच टॅब सुरू करून पाहावा. मराठी अक्षरे नीट उमटतात का, दुपारच्या उजेडात पडदा दिसतो का आणि आवाज खोलीभर पोचतो का, या तीन गोष्टी पाच मिनिटांत कळतात.

(ऊ) दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते किंवा नाही हे विचारावे. ज्या टॅबची काच जिल्ह्याच्या गावीही मिळत नाही, तो स्वस्त पडला असे म्हणता येणार नाही.

५. वीज व निगा

टॅबला वीज फार लागेल अशी भीती पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहिल्यास ती निराधार ठरते. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत, ३.७ व्होल्ट दाब धरल्यास, सुमारे साडेअठरा वॅट-तास वीज मावते. चार्जरमधील नासधूस धरून २५ वॅट-तास लागतात असे मानू. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटात टॅब ४० वेळा भरता येईल. रोज पूर्ण भरला तरी महिन्याला एक युनिटही खर्च होत नाही.

खरी अडचण भारनियमनाची असते. वीज ज्या वेळेला येते, त्या वेळेला टॅब लावण्याचा नेम ठेवावा. वस्तीवर, शेतातल्या घरी वीज नसेल तर १० वॅटचा सौर फलक पुरतो. चांगल्या उन्हाच्या पाच तासांत त्यातून प्रत्यक्षात ३० वॅट-तासांच्या आसपास वीज मिळते आणि एक वेळचे भरणे होते. मात्र फलक उन्हात आणि टॅब सावलीत, अशी मांडणी असावी.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू होय. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, ट्रॅक्टरच्या टपावर किंवा चुलीजवळ टॅब ठेवू नये. उशीखाली किंवा गोधडीत ठेवून तो भरू नये. बॅटरी फुगून टॅबची पाठ वर आलेली दिसल्यास त्याचा वापर त्याच क्षणी थांबवावा. बॅटरी टोचू नये वा दाबू नये आणि टॅब दुरुस्तीच्या दुकानी द्यावा. धूळ व पाणी यांपासून रक्षणासाठी जाड कव्हर घालावे. टॅब फडताळात ठेवण्याची जागा ठरलेली असावी.

६. साहित्याची बेगमी

पावसाळ्यापूर्वी जशी घरात सरपण व धान्याची बेगमी करतात, तशी टॅबमध्ये वाचनाची व श्रवणाची बेगमी करावी. रेंज असताना एकदा भरून घेतलेले साहित्य पुढे इंटरनेटशिवाय वापरता येते. त्यामुळे खर्च वाचतो. मुलांचे लक्ष इकडेतिकडे भरकटण्याचे कारणही कमी होते.

किती जागा लागते याचा अंदाज असा. साधारण ६४ किलोबिट दराने केलेले ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २९ एमबी जागा घेते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर एक हजार तासांहून अधिक श्रवण मावते. कमी दर्जाची चित्रफीत तासाला ३०० एमबीच्या आसपास लागते, तेव्हा त्याच कार्डावर शंभर तासांचेच कार्यक्रम मावतील. चित्राचा दर्जा वाढवला की हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. यावरून हे स्पष्ट होईल की, जे ऐकून समजते ते ऐकावे आणि जे पाहिल्यावाचून समजत नाही तेवढेच पाहावे.

भरून ठेवण्यासारखे साहित्य पुढीलप्रमाणे आहे :

पाठ्यपुस्तके — २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तकातील चौकोनी क्यूआर चिन्ह ‘दीक्षा’ या अ‍ॅपने वाचले की त्या पाठाशी निगडित चित्रफिती व प्रश्न उघडतात.

ज्ञानग्रंथ — मराठी विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या अ‍ॅपच्या साहाय्याने एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. नववीच्या मुलाने विचारलेल्या शेकडो प्रश्नांची उत्तरे त्यात मिळू शकतात.

ललित वाङ्मय — भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे ग्रंथ सर्वांना खुले होतात. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे ‘श्यामची आई’सह त्यांची पुस्तके २०११ पासून खुली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचेही अनेक ग्रंथ त्याच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात.

श्रवण व दर्शन — आकाशवाणीची केंद्रे ‘न्यूज ऑन एआयआर’ या अ‍ॅपवर ऐकता येतात. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या अ‍ॅपवर दूरदर्शनच्या वाहिन्या पाहता येतात. ‘आमची माती आमची माणसं’ पाहत ज्यांनी शेती केली, त्या पिढीला हे नव्याने सांगावयास नको.

हवामान — ‘मेघदूत’ या अ‍ॅपवर जिल्ह्याचा हवामान अंदाज आणि दर मंगळवारी व शुक्रवारी पिकांचा सल्ला येतो. ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याच्या धोक्याची सूचना देते. मात्र दामिनी शेतात बरोबर असलेल्या मोबाइलवरच ठेवावे. टॅब घरी आणि माणूस रानात असेल तर सूचनेचा उपयोग होणार नाही.

७. अभ्यासाची रीत

चित्रफीत पाहताना सर्व समजल्यासारखे वाटते. पडदा बंद केल्यावर मात्र सांगता येत नाही. हा अनुभव मुलांना व मोठ्यांना सारखाच येतो. म्हणून टॅबवरील अभ्यासाला चार पायऱ्या असाव्यात : पाहणे, थांबणे, लिहिणे आणि सांगणे. पाच मिनिटे पाहावे. मग चित्रफीत थांबवावी. जे समजले ते वहीत दोन-तीन ओळींत लिहावे. शेवटी घरातील एका माणसाला ते तोंडी सांगावे. ऐकणारा निरक्षर असला तरी चालेल. किंबहुना त्याला समजेल असे सांगता आले, तरच मुलाला ते समजले असे म्हणावे.

एक उदाहरण घेऊ. मुलगा शेकडेवारीचा पाठ पाहत आहे. वडिलांनी कोपऱ्यातली युरियाची रिकामी गोणी आणून त्यावरचा आकडा वाचावयास सांगावा. ४६ टक्के नत्र, वजन ४५ किलो. एका गोणीत नत्र किती, हा प्रश्न मुलाने सोडवावा. ४५ ला ४६ ने गुणून १०० ने भागले की २०.७ किलो येतात. आता पिकाला हेक्टरी ५० किलो नत्राची शिफारस असेल तर युरिया किती लागेल? ५० ला ०.४६ ने भागल्यास सुमारे १०९ किलो, म्हणजे अडीच गोणींपेक्षा थोडे कमी. हे उत्तर आल्यावर वडिलांना आपण एरवी किती गोण्या टाकतो याचा विचार करावा लागेल आणि मुलाला शेकडेवारी जन्मभर विसरता येणार नाही. टॅबने पाठ दाखवला, पण शिक्षण झाले ते गोणीजवळ. घरातील अभ्यास असा शेताला जोडला, तर मुलाला शाळा परकी वाटत नाही आणि बापालाही टॅबचा राग येत नाही.

८. घरचा दिनक्रम

सकाळी पाच मिनिटे हवामान व सल्ला पाहावा. दुपारी जेवणानंतर गृहिणीसाठी अर्धा तास राखावा. शिवण, प्रक्रिया उद्योग, कुक्कुटपालन किंवा केवळ आवडीचे गाणे, काय पाहावे हे तिने ठरवावे. संध्याकाळी मुलांचा पाऊण तास अभ्यास व्हावा. रात्री जेवणानंतर अर्धा तास सर्वांनी मिळून करमणूक करावी. त्यानंतर टॅब फडताळात जावा.

करमणुकीला कमी लेखू नये. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेल्या माणसाला कीर्तन, भारूड, लोकनाट्य किंवा चांगला चित्रपट यांनी जो विसावा मिळतो, तो दुसऱ्या दिवशीच्या कामाला बळ देतो. मात्र एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती माणसाला उठू देत नाहीत. आपोआप पुढे जाण्याची ही सोय बंद करून ठेवावी. करमणूक एकत्र बसून करावी. कोपऱ्यात पांघरुणाखाली एकट्याने पाहिलेल्या कार्यक्रमाने घराची करमणूक होत नाही.

लहान मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या आहेत. एक वर्षापर्यंतच्या मुलास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक दाखवू नये. याहून कमी तितके चांगले. रडणाऱ्या तान्ह्या मुलाच्या हाती टॅब देऊन आईने भाकरी थापावी, ही सोय पुढे महाग पडते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. घरात एकच टॅब असला की तो बहुधा मुलाच्या हाती राहतो. मुलगी त्या वेळी पाणी भरत असते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत असते. असे होऊ द्यावयाचे नसेल तर पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि मुलीच्या पाळीच्या वेळेला तिच्याकडे दुसरे काम सोपवू नये. टॅब सुरू करणे, पुस्तक उघडणे आणि आवाज कमी-जास्त करणे एवढे तरी घरातील प्रत्येक स्त्रीला आले पाहिजे. वृद्धांसाठी अक्षरे मोठी करून ठेवावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना बोलून शोधण्याची सोय शिकवावी.

९. शेतीविषयक माहितीची पारख

टॅबवर शेतीविषयक चित्रफितींचा सुकाळ आहे. त्यांतील काही कृषि विद्यापीठांच्या व कृषि विज्ञान केंद्रांच्या असतात, काही अनुभवी शेतकऱ्यांच्या असतात, तर काही माल खपवण्यासाठी तयार केलेल्या असतात. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत :

(१) सांगणारा कोण आहे आणि शेवटी तो काही विकतो का?
(२) हा सल्ला कोणत्या भागातील, कोणत्या जमिनीचा आहे? पंजाबातील ओलिताच्या कापसाचा सल्ला विदर्भातील कोरडवाहू काळ्या जमिनीला जसाच्या तसा लागू पडत नाही.
(३) चित्रफीत कोणत्या वर्षाची व कोणत्या हंगामाची आहे?
(४) प्रमाण स्पष्ट सांगितले आहे का? ‘एक टोपण’ किंवा ‘थोडेसे’ हे प्रमाण नव्हे.
(५) औषधाच्या डब्यावरील लेबलाशी ते जुळते का?

यांपैकी पाचवा प्रश्न प्राणाशी संबंधित आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. हे कोणत्याही गावाने विसरता कामा नये. चित्रफितीत पाहून दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे किंवा प्रमाण वाढवणे अत्यंत धोक्याचे आहे. पडदा आणि लेबल यांत फरक असेल तेव्हा लेबल खरे मानावे. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून विचारावे. तेथे सकाळी ६ ते रात्री १० या वेळात उत्तर मिळते.

१०. फसवणुकीपासून बचाव

चोर आता कुंपण ओलांडून येत नाही, तो संदेशातून येतो. ‘पीएम किसानचा हप्ता थांबला आहे, हे अ‍ॅप भरा’ अशा मजकुराबरोबर एखादी एपीके फाइल येते. ती उघडली की उपकरणातील संदेश परक्याच्या हाती जातात आणि खात्यातील रक्कम नाहीशी होते. यासाठी काही नियम कडकपणे पाळावेत.

संदेशातून आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये. अ‍ॅप अधिकृत प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. ओटीपी कोणासही सांगू नये, मग समोरचा स्वतःला साहेब म्हणवीत असला तरीही. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. सर्वांच्या हाती फिरणाऱ्या घरच्या टॅबवर बँकेचे किंवा पैशांच्या व्यवहाराचे अ‍ॅप ठेवूच नये. मुलांसाठी वेगळा वापरकर्ता तयार करून खरेदीला कुलूप लावावे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता असते. गप्प बसलेल्या माणसाचे पैसे जातात आणि त्याच युक्तीने शेजारीही फसतो.

११. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

१९५६ च्या श्रवणमंडळांची रीत आजही जशीच्या तशी उपयोगी आहे. कार्यकर्त्याने आठवड्यातून एक दिवस ठरवून, देवळात, शाळेत किंवा समाजमंदिरात दहा-पंधरा शेतकरी व शेतकरी स्त्रिया यांची बैठक घ्यावी. टॅबला छोटा स्पीकर जोडावा. दहा मिनिटांची एकच चित्रफीत दाखवावी. ती आदल्या दिवशी स्वतः पाहून, वरील पाच प्रश्न लावून तपासलेली असावी. त्यानंतर निदान अर्धा तास चर्चा व्हावी. बैठक संपण्यापूर्वी एकच गोष्ट करण्याचे ठरवावे. उदाहरणार्थ, प्रत्येकाने येत्या आठवड्यात बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटात शंभर दाणे ठेवून तपासावयाची. पुढच्या बैठकीची सुरुवात ‘कोणी केले, काय आढळले’ या प्रश्नाने करावी आणि उत्तरे वहीत लिहावीत. सहा महिन्यांनी त्या वहीची पाने पाहिली की टॅबचा गावाला काय उपयोग झाला हे कळेल. किती चित्रफिती दाखवल्या, हा आकडा त्यासाठी कामाचा नाही.

कार्यकर्त्याने आपल्या टॅबमध्ये पाठ्यपुस्तके, विद्यापीठांच्या शिफारशी आणि तपासलेल्या चित्रफिती यांचा संग्रह ठेवावा. ज्या घरी इंटरनेट नाही, त्या घरच्या कार्डात तो भरून द्यावा. पूर्वी कार्यकर्ता सुधारित बियाण्याची पुडी घेऊन हिंडत असे, तसेच हे काम आहे.

सारांश

पैसा वरच्या मिळकतीतून काढावा, कर्जातून नव्हे. निवड करताना किमतीबरोबर दुरुस्तीचाही विचार करावा. साहित्याची बेगमी आधी करावी. पाहणे, थांबणे, लिहिणे आणि सांगणे हा क्रम सोडू नये. मुलीची पाळी चुकवू नये. औषधाच्या बाबतीत लेबलच प्रमाण मानावे. ओटीपी सांगू नये. जे पाहिले त्यावर चार माणसांत बोलावे. एवढी पथ्ये पाळणाऱ्या घरात अल्पमोली टॅब आपली किंमत फेडल्याशिवाय राहणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील किती घरांत टॅब आहेत व त्यांचा उपयोग मुख्यतः कोण करते?
२. गेल्या हंगामात पडद्यावर पाहून केलेला कोणता उपाय साधला आणि कोणता फसला? का?
३. एका डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. दोन्हींचे किलोतील प्रमाण मुलांकडून काढून घ्यावे.
४. सामाईक टॅबसाठी पाळी, जबाबदारी व दुरुस्ती यांचे नियम आपला गट कसे ठरवील?